वायफाय चालू, पण वायरवरच्या पीसीला मधूनच इंटरनेट नाही

पाथर्डीफाटा_रोहाउस · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन मजली रो-हाउस. फायबर खाली हॉलमध्ये येतं, ओएनटी (फायबर लावायचा इंटरनेटवाल्याचा डबा, वायफायही त्यातूनच) तिथेच आहे. वरच्या खोलीत डेस्कटॉप, विंडोज ११. भिंतीतल्या पाइपातून लॅनची वायर वर आली आहे, टीव्हीच्या मागे एक छोटा डबा आहे आणि त्यातून पीसीला वायर जाते.

त्रास असा: पीसी सकाळी नीट चालतो. मधे तासभर उठून गेलं की परत आल्यावर कोपऱ्यात पृथ्वीगोल आणि ‘नो इंटरनेट’. वायर काढून लावली तर कधी येतं, कधी येत नाही. वरच्या खोलीतलं सगळं बंद करून चालू केलं की हमखास येतं, पण टिकत नाही. त्याच वेळी घरातल्या मोबाइलवर वायफाय व्यवस्थित. इंटरनेटवाल्याचं म्हणणं ‘लाइन क्लिअर आहे, तुमचा पीसी बघा’. ड्रायव्हर अपडेट केला, फरक नाही. लॅन कार्ड बदलू का?

सिडकोकर · ९.५२

वायर बदला. दहातल्या नऊ वेळा वायरच असते. बाजारात निम्म्या पॅच कॉर्ड भंगार.

सातपूर_नेटवर्क · १०.१५

कार्ड नको, वायरही आत्ताच नको. आधी कुठल्या टप्प्यावर अडतंय ते कळू द्या. बिघाड चालू असताना, म्हणजे गोल दिसत असतानाच, कशालाही हात न लावता एवढं बघून लिहा. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजीत करा.)

पहिलं, पीसीच्या लॅन पोर्टवरचा दिवा पेटलेला आहे का, आणि सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट, तिथे ‘लिंक स्पीड’ समोर काय आकडा आहे.

दुसरं, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘ऑल’. त्यातल्या ‘इथरनेट अडॅप्टर’च्या खालच्या तीन ओळी हव्यात: आयपीव्ही४ अॅड्रेस (पीसीचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (ज्यातून बाहेर जायचं तो डबा) आणि डीएचसीपी सर्व्हर (ज्याने पीसीला पत्ता वाटला तो डबा). तिसरी ओळ कोणी वाचत नाही, पण ती नक्की द्या.

तिसरं, जो गेटवे दिसेल त्याला पिंग, म्हणजे चाचणीचं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणं. मग ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला पिंग. उत्तर जसंच्या तसं लिहा, कारण शब्दाशब्दात फरक आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे पॅकेट निघालं, पण उत्तर आलं नाही. तुमच्याच पीसीच्या पत्त्यावरून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर समोरचा त्याच नेटवर्कवर सापडतच नाही. आणि ‘जनरल फेल्युअर’ आलं तर पॅकेट पीसीच्या बाहेरच पडलेलं नाही, तेव्हा कार्ड किंवा ड्रायव्हरकडे बघायचं.

चौथं, मोबाइलचा डेटा बंद करून, वरच्या मजल्यावर उभं राहून, फक्त वायफायवर एखादी नवीन साइट उघडा. डेटा बंद करणं महत्त्वाचं.

आणि टीव्हीमागचा ‘छोटा डबा’ नक्की काय आहे? साधा स्विच की जुना राउटर?

गोदाकाठ · १०.३१

डेटा बंद करायच्या मुद्द्याला दहा वेळा +१. वायफाय जोडलेलं पण त्यावर इंटरनेट नाही असं दिसलं की आजचे बहुतेक फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. वर वायफायची खूण दिसत राहते, व्हिडिओ चालत राहतो आणि घरात सगळे म्हणतात ‘वायफाय तर चालूच आहे’. डेस्कटॉपला ही पळवाट नाही, म्हणून बोंब फक्त त्याची ऐकू येते.

पाथर्डीफाटा_रोहाउस · रविवार, सकाळी ११.०५

आत्ता बंद पडलंय, तेव्हाच टाकतो.

दिवा पेटलेला आहे. लिंक स्पीड १००/१०० एमबीपीएस.
आयपीव्ही४: १९२.१६८.०.१०३
गेटवे: १९२.१६८.०.१
डीएचसीपी सर्व्हर: १९२.१६८.०.१
गेटवेला पिंग: एक मिलिसेकंदापेक्षा कमी, चारही उत्तरं आली.
८.८.८.८ ला पिंग: ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.०.१, डेस्टिनेशन नेट अनरीचेबल’.

वरच्या मजल्यावर डेटा बंद केल्यावर मोबाइललाही काही उघडत नाही! खाली हॉलमध्ये गेल्यावर उघडतं. डबा म्हणजे जुन्या कनेक्शनचा राउटर आहे, वर रेंज यावी म्हणून वायरिंगवाल्याने लावून दिला होता. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवला आहे. ओएनटीचं पान १९२.१६८.१.१ ला उघडतं, पण आत्ता पीसीवरून तेही उघडत नाही.

सातपूर_नेटवर्क · ११.२८

मिळालं. पीसी ठणठणीत, कार्ड ठणठणीत, इंटरनेटवाल्याची लाइनही क्लिअर. तुमच्या घरात एकाच वायरीवर दोन डीएचसीपी सर्व्हर आहेत.

खालच्या ओएनटीचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, वरच्या जुन्या राउटरचं १९२.१६८.० चं. खालून आलेली वायर जुन्या राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरून इंटरनेट आत घेणारा) नाही, लॅन पोर्टला लावलेली असणार (वॅन पोर्ट बहुधा निळा आणि रिकामा असेल, बघा). लॅन पोर्टांपुरता तो डबा निव्वळ स्विच आहे, त्यामुळे वायरीतून सगळं आरपार जातं. पण त्याचं पत्ते वाटायचं काम चालूच आहे. पीसीने ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारली की ती दोघांनाही ऐकू जाते आणि ज्याची ऑफर आधी पोचेल ती पीसी घेतो. खालच्याची मिळाली तर सगळं छान. वरच्याची मिळाली तर गेटवे १९२.१६८.०.१, आणि त्या गेटवेला पुढे इंटरनेटच नाही. तुमच्या पिंगच्या उत्तरात तोच सांगतोय की पुढे रस्ता नाही.

तासाभराने का बिघडतं? पीसी झोपतो. उठल्यावर विंडोज जुना पत्ता, समजा १९२.१६८.१.२३, अजून चालेल का असं सगळ्यांना विचारते. वरचा राउटर बघतो की हा पत्ता आपल्या नेटवर्कचा नाही, आणि थेट नकार पाठवतो. नकार मिळाला की पीसी जुना पत्ता टाकून नव्याने हाक मारतो, आणि तेव्हा शेजारचाच डबा आधी उत्तर देतो.

वरचं सगळं बंद-चालू केल्यावर हमखास का येतं? राउटर चालू झाला की बऱ्याचदा त्यातला स्विचचा भाग काही सेकंदांत वायरी जोडून देतो, पण पत्ते वाटणारा भाग जागा व्हायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात पीसीला ओएनटीकडूनच पत्ता मिळतो.

खात्री करायची असेल तर आत्ताच पीसीला हाताने पत्ता द्या: आयपी १९२.१६८.१.२५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएस ८.८.८.८. लगेच इंटरनेट आलं तर वायर आणि पोर्ट दोन्ही निर्दोष. तपासून झालं की परत ‘ऑटोमॅटिक’वर आणा. कायमचा असा ठेवलात तर पीसीचा त्रास जाईल, पण वरचे मोबाइल तसेच लटकत राहतील.

सिडकोकर · ११.४०

मानलं. तरी १००/१०० म्हणजे वायरमध्ये काहीतरी आहेच.

सातपूर_नेटवर्क · ११.४४

आहे, पण ते वेगळं दुखणं. जुना राउटर १०० वालाच असेल तर दुखणंही नाही. आधी हे उरकू.

पाथर्डीफाटा_रोहाउस · १२.१०

हाताने पत्ता दिला आणि लगेच चालू झालं. वॅन पोर्ट खरंच रिकामा आहे. आता वरच्या राउटरची वायर वॅनला लावली की झालं ना?

आर्टिलरी_सेंटर_रोड · १२.३५

तसं केलं तरी चालेल, पण मग घरात दोन वेगळी नेटवर्क होतात, दुहेरी नॅट, म्हणजे पत्ते दोनदा बदलले जातात. वरून खालचा प्रिंटर किंवा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) आपोआप सापडत नाही, खालच्या मोबाइलवरून वरचा टीव्ही दिसत नाही. शिवाय पुढेमागे कोणी तोच जुना राउटर रीसेट केला आणि त्याचा मूळ पत्ताही १९२.१६८.१.१ निघाला, तर वॅन आणि लॅन दोन्हीकडे एकच नेटवर्क होऊन वरचं सगळं ठप्प.

नीट मार्ग म्हणजे त्याला अॅक्सेस पॉइंट करणं, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवणारा डबा. मेनूत ‘ऑपरेशन मोड’ असेल आणि त्यात ‘अॅक्सेस पॉइंट’ असेल तर तेवढं निवडा, काम संपलं. जुन्या मॉडेलमध्ये नसतं, तेव्हा हाताने करावं लागतं, आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे.

सुरुवात खाली करायची. ओएनटीच्या पानावर लॅन किंवा डीएचसीपीमध्ये जाऊन पत्त्यांची रेंज बघा. बऱ्याचदा १९२.१६८.१.२ पासूनच सुरू असते. ती १९२.१६८.१.२० ते २०० करा, म्हणजे खालचे काही पत्ते आपल्यासाठी राखीव राहतील.

मग वर या. खालून आलेली वायर जुन्या राउटरमधून काढून ठेवा. फक्त पीसी आणि तो राउटर, बाकी काही नाही. हे टाळलं तर आपण कोणत्या डब्याच्या पानावर आहोत तेच कळत नाही. १९२.१६८.०.१ उघडा आणि लॅन सेटिंगमध्ये राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो स्वतः रीस्टार्ट होईल. पीसीची वायर एकदा काढून लावा, नवीन पत्ता मिळेल, मग १९२.१६८.१.२ उघडून लॉगिन करा. आता डीएचसीपी बंद करा, सेव्ह, रीस्टार्ट. उलटं केलंत, म्हणजे आधी डीएचसीपी बंद, तर पीसीला पत्ताच मिळत नाही, १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी दिसतो आणि राउटरचं पानही उघडत नाही. तसं झालंच तर पीसीला हाताने १९२.१६८.०.५० देऊन आत शिरता येतं.

शेवटी खालची वायर परत लॅन पोर्टलाच लावा. वॅन रिकामाच राहू द्या, त्यावर चिकटपट्टी मारा म्हणजे घरातलं कोणी ‘इथे निघालीय वाटतं’ म्हणून लावणार नाही.

वायफायचं नाव दोन्हीकडे एकच ठेवलं तरी चालतं, चॅनेल मात्र वेगळा ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर खाली १ आणि वर ६ किंवा ११.

इंदिरानगर_आयटी · २.२०

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे दुसरा राउटर नाही, पीसी थेट ओएनटीला. एक नंबरच्या पोर्टमध्ये चालतं, चार नंबरच्या पोर्टमध्ये दिवा पेटतो पण इंटरनेट नाही. पोर्ट गेला का?

सातपूर_नेटवर्क · २.४१

पोर्ट गेला असता तर दिवा बहुधा पेटलाच नसता. ओएनटीमध्ये वॅन कनेक्शनच्या पानावर ‘लॅन बाइंडिंग’ किंवा ‘पोर्ट मॅपिंग’ नावाचे चौकोन असतात: लॅन १ ते ४ आणि वायफायची नावं. ज्या पोर्टसमोर टिक नाही तो त्या इंटरनेट कनेक्शनला जोडलेलाच नसतो. शेवटचा पोर्ट टीव्हीच्या सेट टॉप बॉक्ससाठी बाजूला ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आधी पानाचा फोटो काढून ठेवा, मग टिक करा. त्या पानावरचे व्हीलॅन आणि पीपीपीओईचे रकाने मात्र चुकूनही बदलू नका, ते गेले की इंटरनेटवाल्याला बोलावण्याशिवाय इलाज नाही. पान उघडायची परवानगीच नसेल तर फोनवर त्यांना ‘चार नंबरचा लॅन इंटरनेटच्या वॅनला बाइंड करा’ असं सांगा. बरेचदा ते त्यांच्याकडून बसल्या जागी करता येतं.

आणखी एक. सगळे पोर्ट सारखे असतात असं धरू नका. काही स्वस्त ओएनटीत एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. मागे ‘जीई’ आणि ‘एफई’ असं छापलेलं असतं. पीसी जीईमध्ये लावा.

पाथर्डीफाटा_रोहाउस · सायंकाळी ६.५०

आर्टिलरीवाल्या दादांनी सांगितलं तसंच्या तसं केलं. पीसी झोपवून उठवला, वायर काढून लावली, दर वेळी डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१ च येतोय. वर मोबाइललाही डेटा बंद ठेवून चालतंय. मनापासून आभार.

आता सिडकोकरांचा मुद्दा. प्लॅन २०० चा आहे, पीसीवर स्पीड टेस्ट ९४ च्या वर जात नाही. खाली ओएनटीजवळ वायफायवर १९० येतो. वरच्या राउटरच्या डब्यावर ‘गिगाबिट’ लिहिलंय. लॅपटॉप वरच्या राउटरला नवीन कॉर्डने जोडला तर लिंक १००० दाखवते, स्पीड टेस्ट मात्र ९४ च.

सिडकोकर · ७.१५

आता माझी पाळी.

९४-९५ हा आकडा दिसला की समजायचं, रस्त्यात कुठेतरी लिंक १०० वर बसली आहे. लॅपटॉपच्या कॉर्डवर १००० आणि टेस्ट ९४, म्हणजे भिंतीतली लांब वायर १०० वर आहे. पीसीची लिंकही १०० दाखवते, म्हणजे पीसीची छोटी कॉर्डसुद्धा भंगार. ती टाकून द्या आणि ज्या कॉर्डवर लॅपटॉपला १००० आलं ती पीसीला लावा. ओएनटीकडची वायर जीई पोर्टात आहे ना, हेही बघून घ्या.

लॅनच्या वायरीत चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३, ६ या चार पिना लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, नीट बसली नाही, तर बहुधा इंटरनेट बंद पडत नाही, लिंक मुकाट्याने १०० वर उतरते. कधी दोन्ही बाजू १००० वर यायची धडपड करत राहतात, तेव्हा दिवा विझून पेटतो आणि दर वेळी काही सेकंद इंटरनेट जातं. लोक यालाच ‘मधूनच जातं’ म्हणतात.

दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवीन मारा. क्रम बी पद्धतीचा, कनेक्टरची क्लिप खाली आणि सोनेरी पिना आपल्याकडे, डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्याच्या मधे निळी जोडी येते, ते विचित्र वाटतं म्हणून काही वायरमन ‘व्यवस्थित’ लावतात: केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी, ओळीने. दोन्ही टोकांना तसंच लावलं की स्वस्त टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागतात, पंचवीस जण बघून ‘वायर ओके’ म्हणतात. पण पिन ३ आणि ६ एका पिळाच्या जोडीत असायला हव्यात, इथे त्या दोन वेगवेगळ्या जोड्यांत जातात. पिळाचा उपयोगच संपतो, एका जोडीतलं दुसरीत झिरपतं. मीटरभर वायरीत चालून जाईल, वीस मीटरला एरर येणारच. दिव्यांचा टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, हा दोष त्याला दिसत नाही. डोळ्यांनी रंग बघा.

पीळ जास्तीत जास्त १३ मिलिमीटर उकला, अर्धा इंच. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत जाऊन त्याच्या पकडीखाली दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ तारांवर येते. भिंतीतली वायर अखंड तारेची असते, त्यासाठीचा कनेक्टर वेगळा, बारीक धाग्यांच्या पॅच कॉर्डचा वेगळा. दुकानात विचारून घ्या.

आणि नवी वायर घेणार असाल तर नाशिकच्या एम.जी. रोडवर ‘कॅट ६’ एवढंच बघून घेऊ नका. टोक ब्लेडने खरवडा. वर तांबडी आणि आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची, बॉक्सवर ‘सीसीए’ असतं. अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं, दोन-चारदा वाकवलं की तुटतं आणि कनेक्टरच्या पिनेपाशी सैल होत जातं. नवीन असताना सगळं चालतं, म्हणूनच खपते. शुद्ध तांब्याची कॅट ५ई घरातल्या अंतराला गिगाबिटसाठी पुरेशी आहे.

गोदाकाठ · ७.४०

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांसाठी जोड: जाड भिंतींमुळे वायफाय पुढच्या खोलीत जात नाही म्हणून वायर टाकतात, आणि ती टाकतात लाइटच्या पट्टीतूनच. तसं करू नका, एक तर सुरक्षित नाही आणि दुसरं म्हणजे पंप किंवा मिक्सर चालू झाला की लिंक झटके खाते. वेगळा पाइप, शक्य तेवढं अंतर, आणि लाइटची वायर ओलांडायचीच असेल तर काटकोनात. कोपऱ्यावर करकचून वळवू नका, वायरीच्या जाडीच्या चौपट तरी गोलाई ठेवा. माळ्यावरून नेली असेल तर उंदरांनी कुरतडली आहे का ते एकदा हात फिरवून बघा.

निफाड_द्राक्षबाग · रात्री ९.०५

राम राम. घरापासून शेडपर्यंत १८० मीटर कॅट ६ खांबांवरून नेली आहे. शेडमध्ये वजनकाट्याचा कॉम्प्युटर. कधी लिंक लागते, कधी लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला घरच्या राउटरचे दोन लॅन पोर्ट बंद पडले. मधे स्विच टाकला तर चालेल का?

आर्टिलरी_सेंटर_रोड · ९.३२

तांब्याच्या लॅन वायरीची मर्यादा १०० मीटर, तीही ९० मीटर अखंड वायर आणि दोन्हीकडच्या कॉर्ड मिळून १० मीटर अशी. १८० वर कधी लागली तरी ते नशीब. मधे स्विच टाकून अंतर जमेल, पण त्या स्विचला शेतात वीज द्यावी लागेल, आणि तुमचा मोठा प्रश्न अंतराचा नाहीच, आकाशातल्या विजेचा आहे. उघड्यावरून टांगलेल्या एवढ्या लांब तांब्यात, वीज दूर कोसळली तरी दाब तयार होतो. लॅन पोर्टातलं विलगीकरण १५०० व्होल्टचं असतं, वळवाच्या पावसात ते कुठे पुरणार. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असली तर वायर त्या दोघांच्या मधे सापडते, ते निराळंच.

तिथे फायबर टाका. सिंगल मोड ड्रॉप केबल, दोन्ही टोकांना कनेक्टर इंटरनेटवाल्याच्या स्प्लायसिंगवाल्याकडून मारून घ्या, आणि मीडिया कन्व्हर्टरची (फायबर आणि लॅन वायर जोडणारे डबे) जोडी. एका धाग्यावर चालणारी जोडी घेतलीत तर एक ‘ए’ आणि एक ‘बी’ असावा लागतो: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही ‘ए’ आले तर दिवे लागतात पण लिंक लागत नाही. केबल धातूच्या तारेशिवायची मागा. काही ड्रॉप केबलमध्ये आधाराला पोलादी तार असते, ती दोन्ही टोकांना उपकरणाच्या बरीच अलीकडे कापून टाका.

इंदिरानगर_आयटी · १०.१०

चार नंबरचा पोर्ट बाइंडिंगनेच चालू झाला, धन्यवाद. पण ऑफिसच्या लॅपटॉपला वेगळाच त्रास दिसतोय. पत्ता बरोबर, डीएचसीपी सर्व्हर एकच, वायर नवीन, तरी दिवसातून लिंकच पडते आणि परत येते.

सातपूर_नेटवर्क · १०.२६

लिंकच पडत असेल तर पत्त्यांकडे बघूच नका. आधी बघा की ओएनटीच रीस्टार्ट होतोय का: स्टेटस पानावर ‘अपटाइम’ असतो. तो दर पडण्यानंतर शून्यापासून सुरू होत असेल तर दोष बहुधा ओएनटीच्या पॉवर अॅडॅप्टरचा. १२ व्होल्टचा जुना अॅडॅप्टर मल्टिमीटरवर मोकळा १२ दाखवतो आणि लोड आला की बसतो. डब्याखाली छापलेले व्होल्ट तेच हवेत, अॅम्पिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची ध्रुवता सारखी. लाइट गेल्यावर चालावा म्हणून छोटा यूपीएस लावला असेल तर तो काढून थेट बघा, त्यातली बॅटरी संपत आली की असाच खेळ होतो.

अपटाइम अखंड असेल तर लॅपटॉपकडे वळा. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. इंटेलचं कार्ड असेल तर २७ नंबरची ‘नेटवर्क लिंक इज डिसकनेक्टेड’ नोंद वेळेसकट सापडेल. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन गोष्टी. ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी टिक काढा. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ आणि असेल तर ‘ग्रीन इथरनेट’ बंद करा. यातलं पहिलं हे मानक २०१० चं आहे, काम नसताना लिंकला डुलकी घेऊ देतं, पण काही कार्ड आणि काही राउटरच्या पोर्टांचं जागं होताना जमत नाही. एकेक बदला आणि दिवसभर चालवून बघा. सगळं एकदम बदललंत तर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हाताने १०० फुल करायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. एका बाजूला ऑटो आणि दुसरीकडे सक्तीने फुल, तर ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरते. मग लिंक पडत नाही पण वेग रडत चालतो, आणि हा दोष शोधायला सगळ्यात अवघड.

गोदाकाठ · १०.४८

कंपनीचं व्हीपीएनही बंद करून बघा. आणि डीव्हीआरचा हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीच्या रेंजमध्ये येतो का तेही. काही डीव्हीआर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१०८ घेऊन येतात. तोच पत्ता एखाद्या दिवशी पीसीला मिळाला की दोघं भांडतात.

पाथर्डीफाटा_रोहाउस · सोमवार, रात्री ८.३०

वायरच्या दोन्ही टोकांना नवीन कनेक्टर मारले. खालच्या टोकाला सिडकोकर म्हणाले तसंच होतं, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी ओळीने, आणि वरच्या टोकाला तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलीच नव्हती. पीसीची कॉर्डही बदलली. आता लिंक १०००/१०००, स्पीड टेस्ट १९२.

शेवटचा प्रश्न: वरच्या राउटरचं पान आता १९२.१६८.०.१ ला उघडत नाही, हे बरोबर ना?

आर्टिलरी_सेंटर_रोड · ८.५५

बरोबर. १९२.१६८.१.२ ला उघडेल. हा पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या पाठीवर लिहून चिकटवा. त्याचं रीसेट बटण कोणी दाबलं तर तो मूळ सेटिंगवर जाऊन परत पत्ते वाटायला लागेल, म्हणून त्या भोकावरही पट्टी मारा. पुढे कधी ‘नो इंटरनेट’ दिसलं तर आधी आयपीकॉन्फिगमधली डीएचसीपी सर्व्हरची ओळ बघा, आणि ती १९२.१६८.१.१ नसेल तर याच डब्याकडे जा.